आंब्याची उष्णता नव्हती ती

कलमांचा_राखणदार | ४ जून, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. मी इथे एरवी आंब्यावरचा तुडतुडा, करपा आणि पेटीचा दर यापलीकडे फारसं लिहीत नाही. आजचा विषय वेगळा आहे. मोठं होईल, पण एकदाच लिहून टाकतो.

माझा मुलगा सात वर्षांचा आहे. चौदा महिन्यांपूर्वी मुंबईत त्याचं बोनमॅरो ट्रान्सप्लांट झालं, म्हणजे स्टेम सेल प्रत्यारोपण. कॅन्सर नव्हता. जन्मतःच प्रतिकारशक्तीत दोष होता. आजाराचं नाव क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस डिसीज, डॉक्टर मंडळी सीजीडी म्हणतात. हे नाव कळायला आम्हाला साडेचार वर्षं लागली. ती का लागली, तेच मुख्यतः सांगायचं आहे.

तीन महिन्यांचा असताना डाव्या काखेत गाठ आली, बीसीजी टोचल्याच्या बाजूलाच. फुटली, वाहत राहिली, दोन महिन्यांनी सुकली. बीसीजीची गाठ पुष्कळ मुलांना येते असं सांगितलं गेलं, आणि ते खरंही आहे. मग मानेत गाठी. सहा महिने टीबीची औषधं. मग गळवं. मानेवर, मांडीवर, एकदा तर थेट पापणीच्या वर.

आता आमच्या देवगडात पोराला गळू झालं तर कारण कोण शोधत बसतो? आंब्याची उष्णता. सब्जा द्या, धने-जिऱ्याचं पाणी द्या, आंबा पाण्यात ठेवून मगच खाऊ द्या. मी स्वतः कलमांचा धंदा करणारा माणूस, मला ते इतकं पटलेलं की दोन वर्षं दुसरा विचार मनात आला नाही. बायको मात्र एकदा चिडून म्हणाली, "कार्तिकात कसली आंब्याची उष्णता? मोहोर तरी आलाय का अजून?" बरोबर होतं तिचं. दिवाळीतही गळवं उठत होती. पण घरात आई, काकू, शेजारपाजार, सगळे मिळून तिलाच गप्प बसवत होतो. त्यात मीही होतो.

तिसऱ्या वर्षी यकृतात गळू झालं. जवळच्या शहरातल्या एका हॉस्पिटलात पू काढला आणि पुन्हा टीबीची औषधं सुरू झाली. 'याला पुन्हापुन्हा हे का होतंय' असा प्रश्न त्या फाइलमध्ये कुठेच लिहिलेला नाही. नाव घेत नाही, घेऊन उपयोगही नाही.

चौथं सरलं आणि शिमग्याच्या आधी भाजावळीसाठी, म्हणजे शेत भाजायला, पातेरा (वाळकी पानं) गोळा करून ठेवला होता. मुलं त्या ढिगात उड्या मारतात, आम्हीही मारल्यात. आठवडाभरात याला ताप चढला आणि दम लागायला लागला. फोटोत दोन्ही फुप्फुसं पांढरी. कोल्हापूरला नेलं. तिथे एका तरुण डॉक्टरीणबाईंनी पोराकडे बघायच्या आधी बायकोला विचारलं, "तुमच्या माहेरी कुणी मुलगा लहानपणी गेलाय का?" बायकोचा थोरला भाऊ दोन वर्षांचा असताना 'गाठीं'नी गेला होता. साडेचार वर्षांत हा प्रश्न विचारणारं पहिलं माणूस.

पुढचं उद्या. लाइट जातेय.

---

कलमांचा_राखणदार | ५ जून, दुपारी २:३०

तपासणीला रक्त ताजं लागतं, शिळं झालं की पेशी मरतात. म्हणून बाटली न पाठवता, श्वास जरा सुधारल्यावर, पोरालाच कोकणकन्येत घालून परळला नेलं. केईएमच्या आवारात एनआयआयएच म्हणून आयसीएमआरची, म्हणजे केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेची, संस्था आहे, अशा आजारांच्या तपासण्या तिथे होतात.

तिथल्या बाईंनी सोप्या भाषेत सांगितलं. रक्तातल्या काही पांढऱ्या पेशी जंतूला गिळतात आणि आत हायड्रोजन पेरॉक्साइडसारखी जहाल रसायनं तयार करून मारतात. याच्या पेशी गिळतात, पण रसायन तयार होत नाही. मी मनात म्हटलं, पंप पाठीवर आहे, नळी शाबूत आहे, टाकीत औषधच नाही. एक जुनी तपासणी पिवळ्या रंगाची असते. पेशी चालू असेल तर रंग निळा होतो. मला सूक्ष्मदर्शकातून बघू दिलं. माझ्या पेशी निळ्याशार. पोराची एकही नाही. बायकोच्या काही निळ्या, काही कोऱ्या. म्हणजे दोष तिच्याकडून आला होता. तिच्या दोन एक्स गुणसूत्रांपैकी एकावर तो आहे, मुलाच्या वाट्याला नेमकं तेच आलं.

ती तिथे एक शब्द बोलली नाही. गाडीत रोहा गेल्यावर म्हणाली, "म्हणजे माझ्या भावाला पण हेच." मला वाटलं होतं ती स्वतःला दोष देत असेल. ती भावाचा विचार करत होती.

पातेऱ्याचंही कोडं तिथेच सुटलं. कुजणाऱ्या पानांत, पेंढ्यात, खतात ॲस्परजिलस नावाची बुरशी असते. आपण सगळे ती रोज हुंगतो, आपल्याला काही होत नाही. सीजीडीच्या मुलाला तीच बुरशी मारू शकते. कोकणात पानं, पेंढा, गोठा यांपासून पोराला लांब ठेवायचं म्हणजे समुद्रातल्या माशाला ओलं होऊ नको म्हणण्यासारखं.

रोज सेप्ट्रान हे अँटिबायोटिक आणि बुरशीचं औषध देत अशी मुलं सांभाळता येतात, पण टांगती तलवार राहते. कायमचा उपाय म्हणजे रक्त तयार करणारा कारखानाच बदलणं. त्यासाठी दुसऱ्याचा बोनमॅरो लागतो, आणि भावंडाचा पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. आम्हाला मुलगी होती, अडीच वर्षांची. तिचं जुळलं. पण ती स्वतः तोच दोष बाळगून आहे का हेही बघावं लागलं, कारण तसं असतं तर डॉक्टरांनी आधी दुसरा दाता शोधला असता. तिच्या पेशी सगळ्या निळ्या निघाल्या. त्या दिवशी हॉस्पिटलच्या जिन्यात बसून मी रडलो.

---

खाडीकाठची_शेवंती | ५ जून, दुपारी ४:०५

दादा, वाचताना अंगावर काटा आला. एक विचारू? एवढ्याशा मुलीचं हाड कापलं का हो? आमच्याकडे सगळे म्हणतात पाठीच्या कण्यातून काढतात आणि माणूस लुळा पडतो.

---

कलमांचा_राखणदार | ५ जून, रात्री ९:२०

नाही ताई. कण्याचा काही संबंध नाही. भूल देतात आणि कमरेच्या मागच्या हाडातून जाड सुईने रक्तासारखा द्रव ओढतात. किती काढायचं ते दात्याच्या वजनावर ठरतं, किलोमागे १० ते २० मिली. आमची मुलगी तेव्हा तीन वर्षांची, साडेतेरा किलो. दुसऱ्या दिवशी ती वॉर्डात धावत होती. कमरेला दोन चिकटपट्ट्या आणि महिनाभर लोहाचं औषध, एवढंच.

पण खरं सांगू, तिच्या कागदावर सही करताना हात जड झाला. पोरग्याच्या कागदावर सतरा सह्या केल्या, त्या जड नाही गेल्या. तो आजारी होता. ही ठणठणीत होती, आणि तिला कुणी विचारलं नव्हतं. बायको तिला म्हणाली, "दादाला तुझं थोडं रक्त द्यायचंय." ती म्हणाली, "सगळं नको हं." अजूनही ते वाक्य घरात चालतं. भाकरी मागितली की "सगळी नको हं".

प्रत्यारोपणाला ऑपरेशन लागत नाही. आधी आठवडाभर केमो, जुना कारखाना रिकामा करायला. मग एका संध्याकाळी रक्त चढवतात तशी पिशवी लावली, गळ्याजवळच्या नळीतून. तीन तास. संपलं. मला वाटलेलं काहीतरी मोठं घडेल. नर्स म्हणाली, "झालं, आता वाट बघा."

ती वाट बघणंच कठीण. तोंड आतून सोलून निघालं, थुंकी गिळवेना. केस गेले. खोलीत गाळलेली हवा, आत एकच माणूस. खाणं प्रेशर कुकरमधलं. पेज, आटवल (मऊ भात), पुन्हा पेज. पोराने सोलकढी मागितली तर नारळाचं कच्चं दूध चालत नाही म्हणून नाही. सतराव्या दिवशी न्यूट्रोफिल, म्हणजे जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशी, पाचशेच्या वर गेले. महिन्याने तपासलं तर रक्तात जवळजवळ सगळ्या पेशी बहिणीच्या, एक्स-एक्स. रक्तगटही बी होता तो ओ झाला. शाळेच्या फॉर्मवर मी ओ लिहिलं, तर क्लार्क म्हणतो गेल्या वर्षी बी होतं, नीट विचारून या.

---

चिपळूणचा_बालरोगतज्ज्ञ | ६ जून, सकाळी ७:१५

राखणदार, तुमचं लिखाण मी आमच्या ओपीडीतल्या ज्युनियरांना वाचायला दिलं.

थोडी भर घालतो. प्रतिकारशक्तीचे जन्मजात आजार चारशेच्या वर आहेत, आणि सगळ्यांना प्रत्यारोपण लागत नाही. अनेकांना फक्त बाहेरून इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडं) द्यावं लागतं, काहींना नुसती औषधं पुरतात. प्रत्यारोपणाचा सर्वांत स्पष्ट उपयोग म्हणजे एससीआयडी. यात लढणाऱ्या टी पेशीच नसतात. पहिल्या काही महिन्यांत न थांबणारे जुलाब, तोंडात न जाणारा पांढरा थर, न्यूमोनिया, वजन न वाढणं. उपचार न झाल्यास बहुतेक बाळं पहिली एक-दोन वर्षं पार करत नाहीत. मग तुमचं सीजीडी. मग विस्कॉट-ऑल्ड्रिच, ज्यात मुलाला एक्झिमा, वारंवार संसर्ग आणि प्लेटलेट कमी, त्याही आकाराने लहान. यातली पहिली यशस्वी प्रत्यारोपणं १९६८ मध्ये अमेरिकेत झाली, एससीआयडी आणि विस्कॉट-ऑल्ड्रिच, दोन्ही एकाच वर्षी. भारतातलं पहिलं बोनमॅरो प्रत्यारोपण १९८३ मध्ये टाटा मेमोरियलला.

वेळेचं महत्त्व आकड्यात सांगतो. २०१४ मध्ये उत्तर अमेरिकेतल्या केंद्रांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. साडेतीन महिन्यांच्या आत प्रत्यारोपण झालेली एससीआयडीची ९४ टक्के बाळं पाच वर्षांनी जिवंत होती. उशीर होऊन, अंगात संसर्ग चालू असताना ज्यांचं झालं, त्यांच्यात ५० टक्के.

आणि आता माझ्याच जमातीचं एक गाऱ्हाणं. एससीआयडीची शंका घ्यायला महागडी तपासणी लागत नाही. साधा सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, पुरतो. नवजात बाळात लिंफोसाइट, म्हणजे टी पेशी ज्यांत मोडतात त्या पांढऱ्या पेशी, भरपूर असतात. तीन हजारांच्या खाली असतील तर थांबून विचार करायला हवा. पण लॅबच्या कागदावर मोठ्या माणसांची मर्यादा छापलेली असते, एक हजार ते चार हजार. बाळाचे बाराशे आले तरी कागदावर 'नॉर्मल'. आम्ही एकूण डब्ल्यूबीसी (सगळ्या पांढऱ्या पेशी) बघतो आणि पान उलटतो. मीही उलटलंय, वर्षानुवर्षं.

---

मिऱ्याबंदर | ६ जून, दुपारी १:५०

मी काय मोठो शिकलेलो नाय, पण तुमचा वाचून डोळ्यात पाणी इला. आमच्या वाडयेत एकाच्या झिलाक असाच व्हायचा, गळवा काय, गाठी काय. सगळे म्हणायचे देवचाराची वाट अडवल्यान म्हणान. झील गेलो तेचो. तुम्ही देवाक गाऱ्हाणा घातलास काय? रागावू नकात, सहज इचारतंय.

---

कलमांचा_राखणदार | ६ जून, रात्री १०:००

रागावतो कशाला? घातलं ना. मुंबईला निघायच्या आदल्या दिवशी वडिलांनी ग्रामदेवतेला कौल लावला, 'पोराला न्यावं की नको'. मी मनातून धास्तावलो होतो, उलटा पडला तर म्हातारा हट्टाला पेटेल. उजवा पडला. नंतर गुरव मला हळूच म्हणाला, "डावा पडलो असतो तर परत लावलो असतो."

---

तर्कट_तात्या | ७ जून, सकाळी ११:३०

मुलगा बरा झाला, आनंद आहे. पण या 'स्टेम सेल'च्या नावाखाली बाजार किती भरलाय तेही लिहा. आमच्या सुनेच्या बाळंतपणात एक टाय घातलेला पोरगा आला, नाळेचं रक्त साठवा, सत्तर हजार, बाळाला पुढे काहीही झालं तरी उपयोगी. दुसरीकडे गुडघे, ऑटिझम, मधुमेह, सगळ्यावर स्टेम सेलचं इंजेक्शन. आणि अमेरिकेत तो प्लास्टिकच्या फुग्यात ठेवलेला मुलगा, तो तर प्रत्यारोपणानंतरच गेला ना?

---

चिपळूणचा_बालरोगतज्ज्ञ | ७ जून, रात्री ८:४५

तात्या, पहिल्या दोन मुद्द्यांत तुमच्याशी वाद नाही. जन्मजात आजारात मुलाचं स्वतःचंच नाळेचं रक्त कुचकामी आहे, कारण जो जनुक बिघडलेला तोच त्या रक्तातही बिघडलेला. निरोगी भावंडाचं जुळणारं नाळेचं रक्त मात्र कामाला येतं. म्हणून घरात असा आजार असेल तर पुढच्या बाळाचं जपून ठेवण्याला अर्थ आहे, बाकीच्यांनी सत्तर हजारांची एफडी करावी. गुडघे, ऑटिझम वगैरेंवरची इंजेक्शनं हे सिद्ध झालेले उपचार नाहीत. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार ती मान्यताप्राप्त चाचणीबाहेर देताच येत नाहीत. रक्ताच्या आणि प्रतिकारशक्तीच्या आजारांतलं प्रत्यारोपण ही वेगळी गोष्ट, त्याला पन्नासहून जास्त वर्षांचा अनुभव आहे.

तो मुलगा म्हणजे डेव्हिड व्हेटर. जन्म १९७१, आजार एससीआयडी. जन्मल्यापासून बारा वर्षं निर्जंतुक फुग्यात. पूर्ण जुळणारा दाता मिळाला नाही, म्हणून १९८३ मध्ये बहिणीचा अर्धवट जुळणारा बोनमॅरो दिला. त्यात एपस्टीन-बार विषाणू लपून बसला होता, त्याने डेव्हिडच्या शरीरात गाठी झाल्या आणि फेब्रुवारी १९८४ मध्ये तो गेला. आज दाता आणि रुग्ण दोघांचीही या विषाणूसाठी तपासणी होते आणि नंतर रक्तावर नजर ठेवतात. अर्धं जुळणारं प्रत्यारोपणही आता आई किंवा वडिलांकडून होतं. पेशी दिल्यानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी सायक्लोफॉस्फमाइड हे केमोचं औषध देऊन भांडखोर पेशी मारायची युक्ती सापडली, ती तुलनेने स्वस्त असल्याने आपल्याकडे खूप वापरली जाते.

जोखीम नाही असं मात्र कुणी म्हणू नये. दात्याच्या पेशी मुलाच्या कातडीवर, आतड्यावर, यकृतावर हल्ला करतात, त्याला जीव्हीएचडी म्हणतात. केमोमुळे पुढे वंध्यत्व येऊ शकतं. काही मुलं यात जातात. आईवडिलांना हे आधी, बसवून सांगायला हवं.

---

वाशीचा_चाकरमानी | ७ जून, रात्री ११:१०

मूळचा राजापूरचा. सात वर्षांपूर्वी कंपनीत दात्री या स्टेम सेल दात्यांच्या रजिस्ट्रीचं शिबिर होतं, गालाच्या आतून कापूस फिरवून दिला आणि विसरलो. १८ ते ५० वयाचं कुणीही निरोगी माणूस नाव घालू शकतं. गेल्या वर्षी फोन आला, जुळलंय. पाच दिवस इंजेक्शनं घेतली, अंग कणकणलं, मग दंडातून रक्त काढून मशीनमधून फिरवून परत. चार तास. आईला वाटत होतं आता माझं लग्न जमायचं नाही. जमलं. कुणाला दिलं ते कळलेलं नाही, एवढंच कळलं की लहान मूल आहे.

---

पेणची_पापडवाली | ८ जून, सकाळी ९:००

दादा, खर्चाचं लिहा ना. तिथेच सगळे अडतात.

---

कलमांचा_राखणदार | ८ जून, रात्री ९:५०

लिहितो. आमचा सगळा मिळून साडेतेरा लाख. त्यात साडेतीन लाख आधीच्या बुरशीच्या औषधाचे आणि परळच्या भाड्याच्या खोलीचे. ट्रान्सप्लांटच्या आधी पाच महिने बुरशी आटोक्यात आणावी लागली. त्या गोळ्यांनी पोराचं तोंड उन्हात भाजल्यासारखं लाल व्हायचं. बहीण होती म्हणून एवढ्यात भागलं, अर्धं जुळणारं असतं तर दुपटीकडे गेलं असतं.

कामाची गोष्ट अशी. केंद्राचं २०२१ चं दुर्मिळ आजार धोरण आहे. त्यातल्या पहिल्या गटात, म्हणजे एकदाच उपचार करून बरे होणारे आजार, यात एससीआयडी, सीजीडी, विस्कॉट-ऑल्ड्रिच यांची नावं आहेत. मे २०२२ पासून मदतीची मर्यादा ५० लाख आहे, पण ठरवलेल्या केंद्रांमार्फतच. मुंबईत ते केंद्र केईएम. आम्हाला हे उशिरा कळलं, तोवर मी खालच्या अंगाची वीस कलमं गहाण टाकली होती. नंतर ट्रस्टांकडून थोडं मिळालं. हॉस्पिटलच्या समाजसेवकाला पहिल्याच दिवशी भेटा, शेवटच्या दिवशी नको.

आणि ट्रान्सप्लांटच्या खर्चाइतकाच मोठा खर्च म्हणजे घरापासून लांब राहणं. शंभर दिवस हॉस्पिटलच्या अर्ध्या तासावर राहावं लागतं. लालबागला नातेवाईक होते, पण दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसं आणि खोकणारे काका. वेगळी खोली घ्यावीच लागली. ती आम्ही अजून सोडलेली नाही, तपासणीला जावं लागतं.

परत आलो तेव्हा घर वेगळं केलं होतं. गोठा पलीकडच्या आगरात. अंगणाला शेण नाही, फरशी. पावसात भिंतीला बुरशी धरते म्हणून दोन खोल्यांना नवा रंग. गणपतीत पपनस आलं तर ते शेजारी दिलं, कारण सायक्लोस्पोरिन हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध चालू असताना पपनस खाल्लं की औषधाची रक्तातली पातळी वाढते. हे मला मुंबईच्या डॉक्टरांनी नाही सांगितलं, त्यांनी ग्रेपफ्रूट सांगितलं. मी विचारलं ते म्हणजे काय, फोटो बघितला, म्हटलं अहो ही तर पपनसाची बहीण.

---

जुईचा_वेल | ९ जून, पहाटे २:४०

नाव लिहीत नाही. कुडाळजवळ राहते. माझा पहिला मुलगा पाच महिन्यांचा होऊन गेला. जुलाब थांबत नव्हते, तोंडात पांढरं, मग न्यूमोनिया. बीसीजीची जागा फुटून खड्डा झाला होता. सगळे म्हणाले बाळ अशक्तच होतं. त्याचे सगळे कागद मी सासूबाईंच्या नकळत ठेवले होते. डॉक्टरसाहेबांचं वाचून आत्ता काढले. लिंफोसाइट ८५०. कागदावर त्याच्यापुढे काहीच खूण नाही.

मी आणि मिस्टर मामेबहीण-आतेभाऊ आहोत. आता मला दहावा आठवडा आहे. घरात म्हणतात या वेळी मुलगी होऊ दे, मुलींना नाही होत. खरं आहे का?

---

चिपळूणचा_बालरोगतज्ज्ञ | ९ जून, सकाळी ६:३०

ताई, नाही, खरं नाही. राखणदारांच्या घरातला दोष एक्स गुणसूत्रावर होता, तो बहुधा मुलांनाच होतो. पण जवळच्या नात्यात लग्न झालेलं असताना दुसरा प्रकार जास्त संभवतो, ज्यात आई आणि वडील दोघेही एकेक बिघडलेली प्रत बाळगून असतात. त्यात मुलगा-मुलगी भेद नाही, दर खेपेला चारात एक. म्हणजे चारांत तीन वेळा बाळ ठीक असतं, तेही लक्षात ठेवा.

बाळाचं निदान झालेलं नव्हतं, त्यामुळे गर्भजल किंवा वारेच्या तपासणीत नेमकं काय शोधायचं ते ठरवणं अवघड आहे. तुम्हा दोघांची जनुकतपासणी आधी होऊ दे. काही निघालं तर अकराव्या ते तेराव्या आठवड्यात वारेचा तुकडा तपासता येतो. वेळ कमी आहे, म्हणून आजच परळला फोन करा.

काही निघालं नाही तरी हे करा. बाळंतपणाच्या फाइलवर लाल शाईने लिहून घ्या: 'तपासणी होईपर्यंत बीसीजी नको, तोंडातून पोलिओ नको, रोटाव्हायरस नको.' जिवंत लसी अशा बाळाला आजार देतात. जन्मल्यावर पहिल्याच दिवशी सीबीसी, आणि त्यातला लिंफोसाइटचा आकडा तुम्ही स्वतः वाचा. अमेरिकेत प्रत्येक बाळाच्या टाचेच्या थेंबावर ही चाचणी होते, २०१८ च्या अखेरीस ती सगळ्या ५० राज्यांत पोचली. आपल्याकडे तो कागद तुम्हालाच वाचावा लागेल.

---

कलमांचा_राखणदार | ९ जून, सकाळी ७:०५

जुईताई, दुर्मिळ आजार म्हणून तुमच्यावर कोणी बोट ठेवलं तर माझ्या बायकोशी बोला. तिचा नंबर: (मजकूर काढला. जाहीर धाग्यावर फोन नंबर देऊ नयेत, व्यक्तिगत निरोप वापरावा. — व्यवस्थापक)

---

तर्कट_तात्या | ९ जून, सकाळी ९:२०

ताई, वर चिडून लिहिलं ते तुमच्यासाठी नव्हतं. काही लागलं तर सांगा.

---

जुईचा_वेल | २१ जुलै, रात्री ११:००

आमची तपासणी झाली. एक बदल सापडलाय, पण तो आजाराचाच आहे का हे खात्रीने सांगता येत नाही म्हणाले. म्हणून आता जन्मल्यावरच कळेल. फाइलवर लाल शाईने लिहून घेतलंय. नर्सबाई म्हणाल्या असं पहिल्यांदाच बघतेय.

---

खाडीकाठची_शेवंती | ३ ऑक्टोबर, दुपारी ३:१५

जुई, कशी आहेस गं? आणि राखणदार दादा, मुलगा शाळेत जातोय ना?

---

कलमांचा_राखणदार | ४ ऑक्टोबर, रात्री ९:३०

जातोय. सायक्लोस्पोरिन तर जूनच्या आधीच बंद झालं होतं. आता सगळ्या लसी पुन्हा पहिल्यापासून चालू आहेत, तान्ह्या बाळासारख्या. टोचून घेताना म्हणतो, "मी एक वर्षाचा आहे काय?" तसं बघितलं तर आहे. पातेऱ्यात जायची डॉक्टरांची परवानगी मिळालीय, माझी नाही.

---

जुईचा_वेल | २७ डिसेंबर, दुपारी ४:५०

काल मुलगी झाली. २ किलो ९००. बीसीजी दिलं नाही. सकाळी सीबीसीचा कागद आला. लिंफोसाइट ७००. मी तीनदा वाचलं. इथले डॉक्टर म्हणतात पुन्हा करू, पण ते स्वतःच घाबरलेत. मला कळत नाहीये आधी काय करायचं.

---

चिपळूणचा_बालरोगतज्ज्ञ | २७ डिसेंबर, दुपारी ५:०२

पुन्हा करा, पण निकालाची वाट बघत थांबू नका. मी परळला बोललोय, उद्या दुपारपर्यंत बाळाला घेऊन या म्हणालेत. तुमच्या रक्ताची सीएमव्ही विषाणूची तपासणी आज इथेच करून घ्या, तो निकाल येईपर्यंत अंगावर पाजायचं का ते मुंबईचे डॉक्टर सांगतील, तुमच्या डॉक्टरांना मी फोन करतो. बाळाला रक्त चढवायची वेळ आलीच तर ते किरणोत्सर्ग दिलेलंच हवं, हे कागदावर लिहून सोबत ठेवा. भेटायला कुणालाही येऊ देऊ नका. ट्रेन नको, गर्दी असते. स्वतंत्र गाडी बघा. बाळ आज ठणठणीत आहे ना? मग आपण वेळेत आहोत.

---

कलमांचा_राखणदार | २७ डिसेंबर, सायंकाळी ५:२०

गाडी मी आणतो. मोहोराची फवारणी दोन दिवस पुढे गेली तर काही बिघडत नाही. सीझनला पेट्या घेऊन रात्रीच वाशी गाठतो, रस्ता पाठ आहे. आज दुपारीच गाडी धुतलीय, फवारणीचं सामान काढून टाकतो. मी साडेसातला निघतो, साडेनऊपर्यंत कुडाळला पोचतो. दहाला निघालो तर सकाळी उजाडता परळ.

माझी बायको सोबत येतेय, ती मागे तुमच्याजवळ बसेल. परळची खोली रिकामीच आहे. चावी खालच्या वाण्याकडे, त्याला फोन केलाय, गॅस भरलेला आहे. दुलई घ्या, घाटात थंडी असते. आणि मागच्या बाळाचे ते जपून ठेवलेले कागद विसरू नका, सगळे घ्या.